३ किलोवॅट सोलरला बॅटरी जोडावी का? (कोल्हापूर, महावितरणचं घरगुती कनेक्शन)

तुमचं राजारामपुरीत स्वतःचं घर आहे, महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट पडतात, ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय आणि व्हेंडर म्हणतोय की हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि ५ युनिट साठवणारी लिथियम बॅटरी घ्याच, नाहीतर दिवसाची वीज फुकट जाईल. वर अमेरिकेतला मेहुणापण तेच सांगतोय. बरोबर ना?

माझं सरळ मत, बिल कमी करायला बॅटरी घेत असाल तर घेऊ नका. लाईट जाण्याचा वैताग असेल तर घ्या, पण एवढी मोठी नको. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, व्हेंडर लोक ते मुद्दाम एकत्र कालवतात.

दिवसाची वीज फुकट जाते हे नेट मीटर (लाईनवर दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) असलेल्या घराला लागूच होत नाही. दुपारी तुमचं पॅनेल तासाला दोन-सव्वादोन युनिट देतंय आणि घरात फ्रिज आणि एक पंखा चालूय, तर उरलेली वीज लाईनवर जाते आणि मीटर ती एक्सपोर्ट म्हणून मोजतो. रात्री तुम्ही लाईनवरून घेता ते इम्पोर्ट. महिन्याच्या शेवटी इम्पोर्टमधून एक्सपोर्ट वजा, आणि एक्सपोर्ट जास्त झालं तर ते युनिट पुढच्या महिन्यात जमा. म्हणजे दुपारी दिलेलं एक युनिट रात्री एक युनिट म्हणूनच परत मिळतं. आता तेच युनिट बॅटरीत घातलं तर चार्ज-डिस्चार्जमध्ये दहा टक्के तरी उडतात, लेड ॲसिडमध्ये (साध्या इन्व्हर्टरला असते ती बॅटरी) त्याहून जास्त. म्हणजे लाखभर रुपये घालून तुम्ही थोडी वीज कमी करून घेताय, बाकी काही नाही.

आणि आपल्याकडं खरा फरक रात्र-दिवसाचा नाहीच वो, उन्हाळा-पावसाळ्याचा आहे. एप्रिल-मे मध्ये ३ किलोवॅटला दिवसाला बारा-चौदा युनिट पडतात, जुलैत सूर्य दिसंना झाला की काही दिवस तीन-चार युनिटवर पण समाधान मानावं लागतं. हिशोबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळं एप्रिल-मेचे जमा झालेले युनिट पावसाळ्यात बरोबर कामाला येतात. मेची वीज जुलैत वापरायला देईल अशी बॅटरी कुठल्याच दुकानात मिळत नाही. फक्त ३१ मार्चला जे युनिट शिल्लक राहतात त्याचे पैसे लई कमी दरानं मिळतात, म्हणून गरजेपेक्षा मोठं सिस्टीम पण बसवू नका. तीनशे युनिटला ३ किलोवॅट अगदी बसतंय.

मेहुण्याचं काय चुकत नाही, तो त्याच्या गावचं सांगतोय. तो कॅलिफोर्नियात असेल तर तिथं १५ एप्रिल २०२३ नंतर अर्ज केलेल्यांना युनिटाला युनिट मिळत नाही, लाईनवर दिलेल्या विजेचा भाव साधारण पाऊण हिश्श्यानं उतरवलाय, आणि संध्याकाळी ४ ते ९ ला घ्यायची वीज महाग. तिथं दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरण्यात पैसा आहे. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडीओ तिकडचे असतात आणि आपण ते बघून इकडं बॅटरी शोधत बसतो.

आपल्याकडं उद्या असं होणारच नाही असं मी म्हणत नाही. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटला ८० पैसे सवलत सुरू झाली, म्हणजे वेळेप्रमाणं दर हा प्रकार घरापर्यंत आलाय. दिवसाचं एक्सपोर्ट फक्त दिवसाच्याच वापरातून वजा करणार का, ही भीती त्या दरनिश्चितीच्या वेळी बरीच चर्चेत होती. म्हणून नेट मीटरच्या करारावर सही करायच्या आधी महावितरणच्या ऑफिसात एवढं एकच विचारा, दुपारचं एक्सपोर्ट माझ्या रात्रीच्या इम्पोर्टमधून वजा होणार का. हो म्हणाले तर बॅटरीचा विषय संपला.

समजा उद्या नियम बदलला, एक्सपोर्टला ३ रुपये आणि घ्यायच्या युनिटला ११ रुपये असं झालं (आकडे हिशोबापुरते धरलेत), तरी ५ युनिटच्या बॅटरीमागं दिवसाला पस्तीस-चाळीस रुपये सुटतात. पावसाळ्यात ती रोज पूर्ण भरत नाही, त्यामुळं वर्षाला दहा-बारा हजार धरा. सव्वा लाखाची बॅटरी असेल तर दहा-बारा वर्षं नुसती वसुलीत जातात, आणि वॉरंटी साधारण तेवढीच असते. सबसिडी पण पॅनेलच्या किलोवॅटवर आहे, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार, बॅटरीसाठी त्यात वेगळा एक रुपया नाही. तेव्हा नियम बदलला तर तेव्हा घ्या, बॅटरी नंतरही जोडता येते आणि तोवर भाव उतरलेलाही असू शकतो.

आता लाईट जाण्याचं. हे व्हेंडर आधी सांगत नाहीत आणि मग लोक चिडतात, की साधं ऑनग्रिड सोलर (लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) लाईट गेली की बंद पडतं, बाहेर कडक ऊन असलं तरी. ते बिघाड म्हणून नाही, खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या छतावरून लाईनीत करंट जाऊ नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. वळवाचा पाऊस आला की फांदी पडून फीडर (भागाला वीज देणारी लाईन) गेला, हे आपल्याला नवीन नाही. पण त्या दोन-तीन तासांसाठी चार पंखे, ट्यूब, वायफाय आणि टीव्ही एवढंच हवं असेल तर साधा घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी बास होते, पंचवीस-तीस हजारात काम. आमच्याकडं कळंब्यात तेच आहे, सोलर वेगळं आणि इन्व्हर्टर वेगळा.

एक मात्र बघा, काही इलेक्ट्रिशियन जुगाड करून ऑनग्रिड सोलरची वायर घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडतात, म्हणजे लाईट गेली तरी सोलर चालू राहील म्हणून. तसलं अजिबात करू देऊ नका, उलटा करंट इन्व्हर्टरमध्ये शिरून तो जळतो. सोलर मीटरच्या बाजूला आणि बॅकअपची सर्किटं स्वतंत्र, असंच वायरिंग पाहिजे.

मोठी बॅटरी आणि हायब्रिड मी कुणाला घ्या म्हणेन तर घरात ऑक्सिजन मशीन चालतंय, किंवा गावाबाहेर फार्महाऊसला रोज पाच-सहा तास लाईट नसते, अशांना. पुराच्या भीतीनं घेणार असाल तर २०१९ आणि २०२१ आठवा, तेव्हा लाईट दिवसच्या दिवस नव्हती आणि आभाळ पण काळंच होतं, पॅनेलनं बॅटरी कितीशी भरली असती? राजारामपुरी तशी उंचावर आहे, पण हे वाचणारे नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळीकडचे असतील तर बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही वरच्या मजल्यावर घ्या, तळमजल्यावर जिन्याखाली नको.

व्हेंडरला आता बॅटरी सोडून फक्त ऑनग्रिडचं कोटेशन वेगळं मागा, नेट मीटरचा खर्च आणि पॅनेलच्या स्ट्रक्चरची उंची त्यात लिहून घ्या. टाळाटाळ करायला लागला तर दुसरा बघा, शहरात भरपूर आहेत.