पहिली बाईक घेतोयस तर

२०० सीसीच्या मागे आत्ताच लागू नकोस. पुण्याच्या ट्रॅफिकला १२५-१५० भरपूर झाली. शोरूममध्ये बसून बघ, दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का. १२५च्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) असतंच, पावसात ते फार कामाला येतं.

शिकताना जास्त वेळ ब्रेकला दे. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून गाडी खरी थांबवतो तो पुढचाच. हँडल सरळ ठेवून हळूहळू आवळायचा, खसकन नाही. हे भल्या सकाळी रिकाम्या डांबरी रस्त्यावर कर. मातीवर चाक घसरतं. हाताला बसलं की मगच लक्ष्मी रोड. पहिल्या पावसात कात्रज घाट नकोच, रस्त्यावरचं ऑइल वर येतं.

हेल्मेट आयएसआयचंच घे, पट्टा लाव. आणि लर्निंग लायसन्सवर मागे मित्राला बसवू नकोस.