पिवळ्या रव्याचा भाव

प्रश्न : प्रत्येकानं आपापला फायदा बघितला की समाजाचं भलं आपोआप होतं, असं कॉलेजात शिकतोय. घरी आजोबा म्हणतात, स्वार्थानंच गाव बुडालं. तुमचं आयुष्य गुळाच्या पेठेत गेलं. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोघंही खोटं बोलत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथनं १७७६ साली लिहिलं, की आपलं जेवण खाटकाच्या किंवा पाववाल्याच्या दयेवर नाही, त्यांच्या स्वार्थावर चालतं. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी वसवली, तेव्हा व्यापारी तरी कुठं पुण्य कमवायला आले होते? पण त्यांच्यामुळं शेतकऱ्याला गुळाची हक्काची पेठ मिळाली.

आता दुसरी बाजू. मी एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीत, एकतीस वर्षं दिवाणजी होतो. भोगावतीकाठचा एक शेतकरी दरसाल तांबूस गूळ आणायचा. रस उकळायच्या काहिलीत रानभेंडीचं पाणी घालून मळी काढायची, बास, दुसरं काही नाही. खाणाऱ्याला स्वर्ग! पण सौद्यात बोली चढायची ती पिवळ्याधमक रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला. ह्याचा माल शेवटी, पडेल भावात. तीन हंगाम सोसलं. चौथ्या वर्षी गाडी आली ती पिवळीजर्द. खडा जिभेवर ठेवला, तर गोडामागनं खारट. म्हटलं, "दादा, हायड्रॉस?" म्हणजे गुळाचा रंग उजळवायची पावडर. तर म्हणाला, "दिवाणजी, भाव कशाला देताय ते तुमच्याच वहीत बघा की."

काय बोलणार? त्याला दर मिळाला. अडत टक्क्यावर, म्हणून मालकाचेही चार पैसे वाढले. गुजरातच्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाच्या पसंतीचा रंग मिळाला. राहिलं 'कोल्हापुरी गूळ' हे नाव. ते कुणा एकाचं नाही. गुळव्यांच्या पिढ्यांनी ते कमावलं, २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पावडरीचा फायदा एकट्याच्या खिशात जातो आणि नावाला लागलेला बट्टा सगळ्या गुऱ्हाळांत वाटला जातो. एकेकाच्या वाट्याला इतका थोडा, की भांडायला कुणीच उठत नाही.

म्हणून मी स्वार्थाला शिव्या देत नाही. मोजतात काय, ते बघतो. सौद्यात रंग मोजला, तर रंगच आला. दूध संस्थेत पाणी घालायचा मोह काय कमी असतो? पण तिथं फॅटचं मशीन चहाडी करतं, बिल तिथंच कापतं. सौद्याच्या जागी असं काही उभं करणं एकट्या अडत्याला परवडत नाही. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरीचं धरण तरी कुठल्या एकट्या बागायतदाराला परवडलं असतं? आणि सगळे अडते एकत्र बसले तर? एकाच धंद्यातली माणसं मौजेला जरी जमली, तरी बोलणं शेवटी भाव चढवायच्या कटावर येतं, हेही स्मिथनंच लिहिलंय. आमच्या दुकानात अडत्यांचा चहा चारला यायचा.

त्या पिवळ्या गाडीची विक्रीची पट्टी मीच केली. 'माल उत्तम' असं लिहिलं. घरी मात्र तांबडा गूळच न्यायचो, ओळखीच्या गुऱ्हाळावरनं.