फिलरनंतरचा पांढरा डाग आणि ‘माझी तक्रार नाही’ असा कागद

आपले पत्र वाचले. नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घड्यांमध्ये आपण फिलर (सुरकुत्या भरण्यासाठी त्वचेखाली टोचायचे द्रव्य) घेतले आणि त्याच रात्री एका नाकपुडीच्या कडेला पांढरट डाग दिसून तिथे ठणका लागला. आपण फोटो पाठवला, तेव्हा क्लिनिककडून ‘थोडी सूज येतेच, बर्फ लावा’ एवढेच उत्तर आले. तिसऱ्या दिवशी त्वचेवर जांभळट जाळी उमटली, बारीक पुळ्या आल्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी फिलर विरघळवले, पण व्रण राहिला. आता क्लिनिक फी परत करायला तयार आहे, मात्र त्याआधी ‘माझी काहीही तक्रार नाही’ असे लिहून मागत आहे. सही करावी का, आणि तीन दिवस थांबलो ही आपलीच चूक ठरेल का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: या मजकुराखाली सही करू नका. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण आपल्या प्रकरणाचा सगळा भार त्यावरच आहे.

फिलरनंतर गुंतागुंत झाली, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाहीत. सुई कुशल हातात असली तरी फिलर रक्तवाहिनीत जाऊ शकते किंवा तिच्यावर दाब देऊ शकते, आणि हे न्यायालयेही मान्य करतात. प्रश्न असतो तो त्यानंतर काय केले गेले याचा. साधी सूज, हिरवेनिळे वण आणि दुखरेपणा काही दिवसांत ओसरतो, जास्तीत जास्त दोनेक आठवडे घेतो. रक्तपुरवठा अडला तर चित्र वेगळे दिसते. त्वचा अचानक पांढरी पडते, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लवकर परतत नाही, वेदना सुईच्या टोचण्याच्या मानाने फार जास्त असते, नंतर जाळीदार जांभळेपणा येतो आणि पुढे पुळ्या येऊन त्वचा मरू लागते. बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारे औषध मिसळलेले असल्याने वेदना सुरुवातीला झाकलीही जाते, म्हणून दुखत नाही एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. फिलर हायल्युरोनिक ॲसिडचे असेल तर हायल्युरोनिडेझ हे विकर तातडीने देऊन ते विरघळवतात, आणि जितका उशीर तितके नुकसान वाढते. अशा वेळी शेक देण्याचा सल्ला दिला जातो. बर्फाने वाहिन्या आकसतात, म्हणून आपल्याला आलेला तो एका ओळीचा संदेश मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. फोटोत पांढरा डाग दिसत असताना रुग्णाला प्रत्यक्ष बोलावून तपासले का नाही, याचे उत्तर क्लिनिकला द्यावे लागेल.

आपण त्याच रात्री कळवले होते आणि डॉक्टरांच्या सांगण्यावर विश्वास ठेवून थांबलात, त्यामुळे उशिराचा दोष आपल्यावर येतो असे मला वाटत नाही. समोरची बाजू तसा बचाव घेईल, तेव्हा संदेश केव्हा पाठवला आणि केव्हा वाचला गेला, या वेळाच आपल्या बाजूने बोलतील. म्हणून तो संवाद पुसू नका, फोन बदलू किंवा विकू नका आणि मूळ फोटो जसेच्या तसे ठेवा. इलेक्ट्रॉनिक नोंदी दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करून देतील.

क्लिनिककडे आजच लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपर, संमतिपत्र आणि वापरलेल्या फिलरचा तपशील मागा. सिरिंजच्या वेष्टनावर उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक असलेले छोटे स्टिकर असते आणि ते रुग्णाच्या कागदावर चिकटवणे ही चांगली पद्धत आहे. ते नसेल, तर काय टोचले हे सिद्ध करण्याची अडचण क्लिनिकचीही आहे. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमावलीनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. ज्यांनी फिलर विरघळवले त्या डॉक्टरांकडून त्यांनी काय पाहिले आणि काय केले याचे तारखेसह लेखी वर्णन घ्या. पुढे ग्राहक आयोगात गेलात तर तिथे तज्ज्ञाचे मत लागेल, तेव्हा त्याचा पाया हाच असेल.

संमतिपत्रावर आपली सही आहे म्हणून घाबरू नका. समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संमती देण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे. छापील कागदात ‘दुष्परिणामांची जबाबदारी आमची नाही’ असे वाक्य असले, तरी त्याने निष्काळजीपणा माफ होत नाही.

आता त्या नव्या कागदाविषयी. फिलरच्या काही गुंतागुंती आठवड्यांनी, कधी महिन्यांनी वर येतात: त्वचेखाली घट्ट गाठी होतात किंवा विरघळवूनही उरलेल्या भागात पुन्हा पुन्हा सूज येते. ‘काहीही तक्रार नाही’ या शब्दांत आज न दिसणारे हे नुकसानही सोडून दिले जाते. सही दबावाखाली घेतली असे पुढे म्हणता येते, पण ते सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर पडते. समझोता जरूर करा, मात्र त्यात व्रणावरील पुढील उपचारांचा खर्च धरा, भविष्यात उद्भवणाऱ्या त्रासाबाबतचा हक्क राखून ठेवा आणि मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

समझोता झाला नाही तर नोटीस द्या आणि नंतर ग्राहक आयोगात तक्रार करा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेले आहे. 2019 च्या कायद्यानुसार आयोगाचे अधिकारक्षेत्र आपण दिलेल्या फीवरून ठरते, त्यामुळे आपले प्रकरण जिल्हा आयोगापुढेच जाईल आणि तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येईल. फौजदारी तक्रारीची घाई करू नका. जेकब मॅथ्यू निकालाने 2005 मध्ये त्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो असे ठरवले, आणि ती पायरी उंच आहे. टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर होती का, हे मात्र राज्य वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत आधी तपासा. नसेल, तर माझा हा सल्ला बदलेल.

मुदत साधारण दोन वर्षांची आहे. ती मोजताना अडचण येऊ नये म्हणून टोचल्याची तारीखच सुरुवात धरून चला. डोळ्यात दुखणे, दृष्टी अंधुक होणे किंवा नवी लाली आणि ताप यांपैकी काहीही जाणवले, तर कागदपत्रे बाजूला ठेवून लगेच रुग्णालयात जा. दृष्टीचा प्रश्न असेल तर हातात मिनिटेच असतात.