कंपनीचा मेडिक्लेम असताना स्वतःची पॉलिसी घेणं महागात पडतं का?

तुमचं वय ३१, कंपनीकडून ५ लाखांचं कव्हर, मग वेगळा हप्ता कशाला भरायचा, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. ग्रुप मेडिक्लेमचं, म्हणजे कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकत्र घेतलेल्या आरोग्य विम्याचं, नूतनीकरण दरवर्षी माझ्याच टेबलावर येतं, म्हणून लिहितो.

माणशी हप्ता पाहिला तर ग्रुप स्वस्त, यात वाद नाही. वैद्यकीय तपासणी नसते, मधुमेह-बीपी बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून कव्हर असतो, बाळंतपणही बऱ्याचदा असतं. वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे आई-वडिलांना काही दुखणं असेल आणि कंपनी त्यांना घेत असेल, तर आधी त्यांची नावं घाला.

पण ग्रुपचा दर मागच्या वर्षीच्या क्लेमवर ठरतो. क्लेम वाढले की विमा कंपनी जास्त मागते आणि मग मालक कव्हरला कात्री लावतो. आई-वडिलांवर को-पे येतो, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा तुम्हीच भरायचा, खोलीभाड्यावर मर्यादा येते. ही मर्यादा फार कमी लोक वाचतात. समजा कव्हर ३ लाख आणि खोलीभाडं १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत, तर फक्त भाडंच अर्धं मिळतं असं नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात कापलं जातं. हे सगळं मिळून ८०,००० झालं, तर ४०,००० तुमच्या खिशातून. औषधं आणि इम्प्लांट तेवढे त्यातून सुटतात.

करातही फरक पडलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच कव्हर) पॉलिसीवर जीएसटी नाही, ग्रुपवर मात्र १८ टक्के कायम आहे.

खरा हिशेब निवृत्तीनंतरचा. नोकरी संपली की ग्रुप कव्हर बहुधा संपतं. साठीला मधुमेह घेऊन नवी पॉलिसी मागायला गेलात, तर हप्ता जबर लागतो, किंवा सरळ नकार येतो. आज घेतलेली पॉलिसी मात्र वेळेवर हप्ता भरलात तर आजारपणाचं किंवा क्लेमचं कारण दाखवून विमा कंपनीला बंद करता येत नाही. आधीच्या आजारांसाठी थांबायचा प्रतीक्षा कालावधी तुम्ही नोकरीत असतानाच सरून जातो. सलग ५ वर्षं झाली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर ५ लाखांची स्वतःची पॉलिसी आणि वर एक सुपर टॉप-अप (वर्षभराचा खर्च ठरावीक रकमेच्या पुढे गेला की वरचा भाग देणारी पॉलिसी) आत्ताच घेतला असता. नुसत्या टॉप-अपवर थांबू नका, नोकरी गेली की खालचे ५ लाख उघडे पडतात.

आणि नोकरी सोडायची वेळ आलीच, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते शेवटच्या दिवसाआधी एचआरला विचारा, अर्जही तेव्हाच टाका. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीत धरली जातात.