सब्सिडिॲरिटी म्हणजे दुय्यमता? मुळीच नाही!

प्रश्न असा आला आहे: "कॅथलिक सामाजिक विचारावरच्या एका मराठी लेखात 'सब्सिडिॲरिटी'ला 'दुय्यमतेचं तत्त्व' म्हटलं होतं. ते बरोबर आहे का? आणि 'सॉलिडॅरिटी'ला 'एकता' म्हणावं का?"

बरोबर नाही. हा 'दुय्यमता' शब्द मी व्याख्यानांतही ऐकतो आणि दर वेळी चिडतो. इंग्रजी कोशात 'सब्सिडिअरी'समोर दुय्यम, उपकंपनी असे अर्थ दिसतात, आणि अनुवादकाचा शोध तिथेच संपतो. मग ऐकणाऱ्याला वाटतं, गाव राज्यापुढे दुय्यम आणि कुटुंब सरकारपुढे दुय्यम. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली लिहिलं ते याच्या थेट उलट. त्यांच्या परिपत्रकाचं (पोपने साऱ्या चर्चला लिहिलेल्या पत्राचं) नाव 'क्वाद्राजेसिमो आनो', म्हणजे 'चाळिसाव्या वर्षी'. कारण पोप तेराव्या लिओंचं कामगारांविषयीचं परिपत्रक १८९१ चं. व्हॅटिकनच्या चहूबाजूंना तेव्हा मुसोलिनीची इटली होती, आणि सगळं काही राज्याच्या पोटात, हा त्या राजवटीचा हट्ट होता. पायस यांचं म्हणणं असं, की माणसाला स्वतःच्या हिमतीवर जे करता येतं ते समाजाने त्याच्या हातून काढून घेऊ नये, आणि लहान संस्थेला जमतं ते मोठीने बळकावू नये. मोठीने लहानीला 'सब्सिडियम' (लॅटिनमध्ये मदत; 'सब्सिडिॲरिटी' हा शब्द यातूनच आला) द्यावं, तिला गिळू नये.

सगळी गंमत या 'सब्सिडियम'मध्ये आहे. रोमन सैन्यात सर्वांत मागच्या, तिसऱ्या रांगेत मुरलेले सैनिक असत, त्यांना 'त्रिआरी' म्हणत. पुढच्या दोन रांगा लढत असताना हे लोक एक गुडघा टेकून, ढाल खांद्याला लावून खाली बसून राहत. पुढे निभावलं तर ते उठतही नसत. निभावलं नाही, तरच उठत. म्हणून रोमनांत म्हणच पडली होती, 'गोष्ट त्रिआरींपर्यंत आली', म्हणजे प्रसंग गळ्याशी आला. व्हॅरो हा जुना लॅटिन व्याकरणकार सरळ सांगतो की हे सैनिक खाली बसत, म्हणून त्यांच्या मदतीला 'सब्सिडियम' हे नाव.

आता 'सब्' आणि 'सेद्' वेगळे करून बघा. 'सब्' हा आपल्या 'उप'चा सख्खा भाऊ आणि 'सेद्' म्हणजे आपला 'सद्', बसणे. उप + सद्! ज्या जोडीतून 'उपनिषद्' आलं तीच ही जोडी, फक्त इथे मधला 'नि' नाही. आणि हाच 'सद्' आपल्या सार्वजनिक जीवनात कुठे कुठे बसला आहे बघा: सदस्य, सभासद, सदन, परिषद, संसद. ('आसन' यात घुसडू नका, तो 'आस्' धातूचा.) जवळ बसणं, सज्ज असणं, हाक आली की उठणं, इतका अर्थ ज्या शब्दात भरला आहे, त्याला 'दुय्यमता' म्हणायचं?

'सहायकता' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. आपल्याकडे सहायक म्हणजे कचेरीत साहेबाच्या हाताखालचा. इथे तर थोरल्याने धाकट्याला हात द्यायचा आहे. मराठीत जणू यासाठीच घडवलेला शब्द तयार आहे: कुमक. मूळ तुर्की, फारसीतून आलेला. अर्थ मदतही आणि मागून येणारी फौजही. नानासाहेब पेशव्यांची कुमक पोचायच्या आत पानिपत आटोपलं, हे आपण शाळेपासून वाचतो. तेव्हा 'कुमकतत्त्व' म्हणा. कानाला नवं वाटेल, पण अर्थ पक्का बसेल.

याच लॅटिन शब्दाचं दुसरं इंग्रजी पोर आपल्या इतिहासात घुसलेलं आहे. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह 'सब्सिडिअरी' तह होता. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चापोटी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. सोळा वर्षांत पेशवाई संपली. मदतीच्या नावाने आलेल्याने मदत घेणाऱ्यालाच गिळलं; १९३१ च्या परिपत्रकात मनाई आहे ती नेमकी हीच. आज वसईत पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी बोलणारे कॅथलिक राहतात. त्यांच्यापुढे हे तत्त्व मांडताना तरी शब्द चुकू नये असं मला फार वाटतं.

मला स्वतःला ही कल्पना कळली ती आजीमुळे. बहीण पहिल्यांदा भाकरी थापत होती आणि आजी परातीशेजारी पाट घेऊन बसली होती. पीठ घसरलं, भाकरी वाकडी झाली, तरी आजीने हात घातला नाही. कड चिरली तेव्हा पाण्याचं बोट तेवढं फिरवलं आणि हात परत मांडीवर ठेवला.

राहिला 'सॉलिडॅरिटी'चा प्रश्न. 'एकता' फार पातळ. हा शब्द मूळचा कर्जव्यवहारातला: रोमन कायद्यात 'इन सोलिदुम' बांधलेल्या ऋणकोंपैकी प्रत्येक जण सबंध रकमेला जबाबदार असे. पोलंडच्या कामगारांनी १९८० साली आपल्या संघटनेला हेच नाव दिलं, आणि १९८७ साली पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी लिहिलं की सॉलिडॅरिटी म्हणजे नुसता कळवळा नाही, आपण सगळेच सगळ्यांना जबाबदार आहोत. मी तरी 'परस्परजामिनी' लिहितो.