सौर प्रकल्पाचे काम शिकायचे कोठे?

डिचोली तालुक्यातील एक पालक लिहितात: ‘मुलगा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला. विद्यालयाच्या छपरावरील १० किलोवॅटचा सौर प्रकल्प पाहिल्यापासून त्याच क्षेत्रात जायचे म्हणतो. एक संस्था दीड महिन्याच्या अभ्यासक्रमानंतर नोकरीची हमी देते. शुल्क भरावे काय?’

सप्रेम नमस्कार. शुल्क तूर्त भरू नये, आणि त्याचे कारण त्या छपरावरच आहे.

सिलिकॉनच्या घटावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होऊन सुमारे अर्ध्या व्होल्टची एकदिश (डीसी) वीज मिळते, एवढे मुलगा बारावीत शिकलाच असेल. परंतु अशा घटांची पॅनेले आणि अठरा-वीस पॅनेलांची एक माळ झाली की तोच अर्धा व्होल्ट आठशेच्या आसपास पोहोचतो, आणि ऊन असेपर्यंत पॅनेलात तयार होणारा विद्युतदाब कोणत्याही बटणाने नाहीसा करता येत नाही. घरातील प्रत्यावर्ती (एसी) वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने तिची ठिणगी लवकर विझते. एकदिश विजेची मात्र सैल जोडात पेटतीच राहते. पुढे इन्व्हर्टर हे यंत्र या विजेचे प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करून वीज खात्याच्या वाहिनीशी तिचा मेळ घालतो आणि वाहिनीतील वीज गेली की स्वतःही थांबतो, अन्यथा दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. (छपरावर पॅनेले असूनही घरात अंधार का, असे पुष्कळ जण विचारतात, त्याचे उत्तर हेच.) त्यातच किनाऱ्याचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गंजलेले बोल्ट, बिघडलेले अर्थिंग आणि ओल शिरलेले जोड हुडकणे हे गोव्यातील तंत्रज्ञाचे नेहमीचे काम ठरते. दीड महिन्यात त्यावर हात बसत नाही.

म्हणून पाया विजेचा घ्यावा. गणित चांगले असल्यास फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्युत शाखा किंवा तंत्रनिकेतनातील पदविका, आणि हातकामाची ओढ असल्यास आयटीआयमधील दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम पाहावा; माझा कल दुसऱ्याकडे अधिक आहे. त्यानंतर सौर तंत्रज्ञ घडवणाऱ्या केंद्र सरकारच्या सूर्यमित्र प्रशिक्षणाची चौकशी करावी. घरगुती सौर छपरांसाठी २०२४ पासून ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते, त्यामुळे उभारणीइतकेच देखभालीचे कामही वाढत जाईल.

दरम्यान, विद्यालयाची परवानगी घेऊन मुलाला इन्व्हर्टरवरील दुपारचे आकडे आठवडाभर टिपू द्यावेत. ऊन सारखेच असूनही पॅनेले अधिक तापलेल्या दिवशी वीज थोडी घटलेली दिसेल. त्याचे कारण तो आपण होऊन शोधतो काय, ते मला अवश्य कळवावे.