साडीचा भाव करता येतो, मग पगार का मागता येत नाही?

प्रश्न: ताई, मी इंदूरला एमबीएच्या वर्गाला शिकवते. परवा पगार ठरवायचा रोल प्ले घेतला तर मुलगे अडून बसले आणि बऱ्याच मुली पहिल्याच आकड्याला "ओके सर" म्हणून मोकळ्या. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, यांना निगोशिएशन जमतच नाही." वर्ग हसला, मुली गप्प. विषय परत काढू की राहू देऊ?

उत्तर: काढाच, नाहीतर त्या मुलाचंच म्हणणं खरं ठरून बसेल. फक्त "मुली कुठे कमी पडतात" अशी सुरुवात करू नका हो, ते ऐकूनच पोरी आणखी आखडतात.

आधी विचारा, शीतलामाता बाजारात भाव कोण करतं? माझ्या मावशीच्या लग्नात आहेराच्या साड्या आईने आणल्या, बाराशेची साडी नऊशेला मागायची, दुकानदार नाही म्हणाला की घडी त्याच्याकडे सरकवून पिशवी उचलायची, दोन पायऱ्या उतरली की मागून "आओ बहनजी, ले जाओ" यायचंच. तीच आई शाळेत इतकी वर्षं शिकवत होती पण पगार वाढवा असं एकदाही म्हणाली नाही, हावरी म्हणतील ना!

आणि ही धास्ती उगाच नसते बरं का. बोल्स, बॅबकॉक आणि लाय या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलंय की जास्त पगार मागितला म्हणून लोकांना बाई पुरुषापेक्षा जास्त खटकते, तिच्याबरोबर काम नको वाटतं. आणि २०१० चा अमानतुल्ला-मॉरिस यांचा अभ्यास तर अगदी माझ्या आईचाच वाटतो, स्वतःसाठी मागताना बायका हात आखडता घेतात, पण दुसऱ्यासाठी मागायचं असलं की पुरुषांइतक्याच जोरात मागतात. म्हणजे जमत नाही हे खोटं, मागितल्याची किंमत मोजावी लागते हे खरं, आणि ती किंमत लावणारे समोर बसलेले असतात, त्यात तो हसलेला वर्गही आला.

म्हणून रोल प्ले परत घ्या, यावेळी मुलींना मैत्रिणीच्या पगारासाठी बोलायला लावा. मग अर्ध्या जोड्यांच्या कागदावर "पगार बोलून ठरेल" एवढं छापा, बाकीच्यांच्या नको. अमेरिकेत लायब्रांट आणि लिस्ट यांनी नोकरीच्या खऱ्या जाहिरातींत हेच करून पाहिलं, २०१५ मध्ये छापून आलं, आणि जिथे पगारावर बोलता येईल असं स्पष्ट लिहिलं होतं तिथे पगारावर बोलण्यात बायका-पुरुषांतला फरक उरलाच नाही. आकडे फळ्यावर लिहा आणि त्या मुलालाच वाचायला सांगा, चिडवायला नाही, त्याला खरंच बघू दे म्हणून.